खिदिरपूरचं तिकीट

चिंचदरी हे गाव विट्यापासून लांब आणि कलकत्त्यापासून जवळ आहे. नकाशा काढणाऱ्यांना हे पटायचं नाही. पण त्यांच्यापैकी कुणी चिंचदरीत राहिलेलं नाही. इथल्या घराघरातला एखादा तरी माणूस गलाईच्या धंद्यात, म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या कामात, परमुलखात गेलेला. कुणी कोचीला, कुणी गुवाहाटीला, कुणी जालंधरला. वय झाल्यावर मंडळी गावाकडं परतली आणि येताना आपापलं शहर बरोबर घेऊन आली. संध्याकाळी सोसायटीच्या कट्ट्यावर बसलं की एकजण कोचीच्या खाडीतल्या बोटीचं भाडं वाढलं म्हणून हळहळतो, दुसऱ्याला ब्रह्मपुत्रेच्या पुराची काळजी लागलेली असते. गावच्या ओढ्याला पाणी आलंय, हे मात्र ओढा ओलांडताना कळतं.

हंबीररावांच्या वाट्याला कलकत्ता आलं होतं. बऊबाजारातल्या एका बोळात उभी हयात भट्टीपुढं काढून ते परतले, तेव्हा इतरांसारखं त्यांनीही थोडं सोनं आणि थोडा खोकला आणला. शिवाय ट्राम आणली.

ही ट्राम कुणाला दिसत नसे, पण तिच्यापासून सुटका नव्हती. खताचा एक विक्रेता एकदा कट्ट्यावर ग्रामपंचायतीचा रस्ता विचारायला आला. हंबीररावांनी त्याला नीट समजावून सांगितलं, "सरळ जावा. श्यामबाजारच्या वळणाला ट्राम जशी डाव्या अंगाला कलती, तसं कलायचं, की आलीच." तो माणूस कलत कलत गेला आणि पुन्हा त्या भागात दिसला नाही. कुणाची मोटारसायकल घसरली की हंबीरराव आधी चहा मागवत आणि मग म्हणत, "रूळ असतं तर घसरला नसता." ह्यावर वाद घालणं अवघड होतं.

त्यांच्या पत्नी मनुबाई हा सगळा काळ गावातच होत्या. ऊस, जनावरं, पोरं आणि सासू-सासरे सांभाळणाऱ्या बाईला कलकत्त्याला जायला सवड देणार कोण? हंबीररावांचा फोन रविवारी वाण्याच्या दुकानात यायचा. त्या वेळी दुकानात हमखास गर्दी असे. लोक रविवारचं बघून मीठ संपवत. फोन लांबचा म्हणून हंबीरराव ओरडून बोलत, त्यामुळं तो निम्म्या आळीला ऐकू जाई. एवढ्या लोकांत नवऱ्यानं बायकोशी बोलावं तरी काय? मग ते ट्रामचं सांगत. आज धरमतल्ल्याहून खिदिरपूरला गेलो. मैदानातनं गेली. दोन्ही अंगाला गवत, मधनं रूळ, मेंढरं चरत असत्यात, ट्राम आली की आपणहून बाजूला हुत्यात. मनुबाई विचारत, "मग फुडं?" की पुढचा थांबा. थांबे संपले की बोलणं संपे. फोन ठेवतानाचं वाक्य मात्र ठरलेलं होतं: "एकडाव तुला बसवतो."

तो एकडाव काही आला नाही. आधी सासूचं आजारपण आडवं आलं, मग लेकीचं बाळंतपण, मग उसाची तोड. शेवटी हंबीररावच आडवे आले, म्हणजे कायमचे गावाला आले.

मग एक दिवस पेपरात छापून आलं की कलकत्त्याची ट्राम जवळजवळ सगळी बंद करणार; हौसेखातर एखादा तुकडा तेवढा ठेवणार. हंबीररावांनी बातमी मोठ्यानं वाचली. मनुबाई तांदूळ निवडत होत्या.

"सुटली बिचारी," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी थांबून थांबून कटाळली असंल."

"आगं, एक तुकडा ठेवणार हायती."

"ऱ्हाऊ द्या. गुडघ्यानं देवळाची पायरी चढवत न्हाई, कलकत्ता कुठलं? एक करा, ह्या घरात आता ट्रामचं नाव काढू नका."

हे त्या रागानं म्हणाल्या असत्या तर हंबीररावांनी मनावर घेतलं नसतं. संसारात राग हा रोजच्या कोरड्यासासारखा असतो. पण त्या शांतपणे म्हणाल्या आणि पुन्हा खडे शोधायला लागल्या. त्या दिवशी हंबीररावांचा खोकलासुद्धा बंद पडला. काय वाटेल ते करून हिला ट्रामीत बसवायचं, एवढी एकच गोष्ट त्यांच्या डोक्यात शिल्लक राहिली.

संधी आली ती नातवाच्या लग्नात. राजवर्धनचं लग्न पाटणच्या प्रियदर्शनीशी ठरलं. कार्य मुलाकडं, चिंचदरीत. आणि नेमका त्याच सुमाराला पाण्याच्या पाइपासाठी गावचा रस्ता असा उकरून ठेवला गेला, की वऱ्हाडाच्या मोठ्या बसगाड्या फाट्याच्या आत येणं शक्य नव्हतं. फाट्यावरून पाहुण्यांना मांडवापर्यंत आणायचं कसं, ह्यावर घरात बैठक बसली. जीपचं नाव निघालं, वडापच्या रिक्षांचं निघालं. सगळे बोलून दमल्यावर हंबीरराव म्हणाले, "ते माझ्यावर सोडा."

त्यांचा पुतण्या शिवतेज कारखान्याला ऊस वाहायचा. हंगाम संपला होता, त्यामुळं त्याचा ट्रॅक्टर आणि त्याच्यामागं एकीला एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या बांधावर उभ्या होत्या. हा ट्रॅक्टर हंगामात रस्त्यानं जाताना बघून हंबीररावांना भरून यायचं. पुढं एक डबा, मागं एक डबा, गोगलगायीची चाल, आणि पाठीमागं सगळ्या गाड्यांचा खोळंबा. ट्रामला आणखी काय लागतं?

"सजवूया की तात्या," शिवतेज म्हणाला. "पर डेक लावणार. डेकशिवाय माझा ट्रॅक्टर गेर टाकत न्हाई."

"ट्रामीत गाणी नसत्यात."

"मग लोकांनी करायचं काय?"

"खिडकीतनं बघायचं."

"काय बघायचं?"

हंबीररावांनी जरा विचार केला. "भाईर," ते म्हणाले.

काम सुरू झालं. ट्रॉल्यांवर प्लायवूडच्या भिंती उभ्या राहिल्या, भिंतींना खिडक्या पडल्या, वर पत्र्याचं छप्पर आलं. रंग हंबीररावांना आठवेल तो द्यायचा ठरलं होतं. त्यांना रोज वेगळा आठवे, म्हणून रंगाऱ्यानं एका संध्याकाळी ते खोकत असताना उरकून टाकलं. शाळेत विजेची घंटा आल्यापासून जुनी पितळी घंटा कपाटात पडून होती. ती मागून आणली आणि तिला दोरी लावली. एक टोला म्हणजे थांब, दोन टोले म्हणजे चल. छपरावर विजेच्या तारेला टेकणारा दांडा हवा म्हणून एक लांबलचक कळक बांधला, तो गावच्या वायरमननं बघितला. "तात्या, ह्यो तारंला लागला तर लगीन आणि तेरावं एकाच मांडवात हुईल," तो म्हणाला. कळक हातभर ठेवून बाकीचा कापला. राहता राहिले रूळ. कबड्डीच्या मैदानावर रेघा मारायचं फक्कीचं यंत्र आणून हंबीररावांनी फाट्यापासून मांडवापर्यंत दोन पांढऱ्याशुभ्र रेघा मारून घेतल्या. वाटेत विहीर, दूधडेअरी, सोसायटी जे जे लागलं, त्याला कलकत्त्याच्या थांब्यांच्या पाट्या लागल्या. फाट्याला धरमतल्ला आणि मांडवाला श्यामबाजार.

आणि डब्यांना पाट्या लागल्या. कलकत्त्यात पुढचा डबा पंख्याचा, तो पहिला वर्ग. मागचा बिनपंख्याचा, तो दुसरा. हंबीररावांनी पुढच्या डब्यात मांडववाल्याचे सोफे ठेवले, बॅटरीवर चालणारा एक उभा पंखा ठेवला आणि बाहेर ठसठशीत अक्षरांत "पहिला वर्ग" लिहून घेतलं. मागच्या डब्यात शाळेची बाकं, आणि बाहेर "दुसरा वर्ग". मग पंख्याखालच्या खिडकीजवळ त्यांनी आपला धुतलेला टॉवेल टाकून मनुबाईंची जागा धरली. एस.टी.त जागा धरतात तशी.

मनुबाईंना हे सगळं दिसत होतं, पण घरात नाव काढायचं नव्हतं. त्यामुळं महिनाभर सगळं घर ट्रामला "ते" म्हणत होतं. "ते वाळलं का?" "त्याला खिळं कमी पडल्यात."

लग्नादिवशी पाटणची बस फाट्याला लागली. हंबीरराव डोक्याला फेटा, अंगात खाकी शर्ट आणि गळ्यात कंडक्टरची चामडी पिशवी घालून स्वागताला उभे होते. बसमधून पहिल्यांदा उतरले ते नवरीचे आजोबा, निवृत्त सुभेदार सर्जेराव. त्यांनी हातातली पेटी हंबीररावांच्या हातात दिली.

"वर ठेव रं. नीट. काचंचं सामान हाय."

"पावणं, मी नवऱ्याचा आजा."

"असं व्हय," सुभेदार म्हणाले. "मग दोनी हातांनी ठेवा."

व्याहीभेट झाली, एकमेकांना टोपी-टॉवेल झाले, आणि मंडळी बसायला लागली. सुभेदार, नवरी आणि तिच्या मैत्रिणी पुढं चढल्या. जागा संपली, तशी शिवतेजनं बाकीच्यांना मागं नेलं. त्यात सुभेदारांच्या थोरल्या बहीण चंद्राबाई होत्या. त्या बाकावर बसल्या, पदर सारखा केला, खिडकीतून डोकं बाहेर काढून पाटी वाचली आणि खाली उतरल्या.

"सर्जा, हे काय लिवलंय?"

सुभेदार खिडकीशी आले. "दुसरा वर्ग."

"म्हंजे मी दुसऱ्या वर्गाची."

"आक्का, ती डब्याची पाटी हाय."

"डब्यात बसलंय कोण?"

हंबीरराव धावत आले. समजूत काढायची त्यांना हौस होती, पण सवय नव्हती. "तसं न्हाई आक्कासाब. कलकत्त्यात दुसऱ्या वर्गाचं तिकीट स्वस्त असतंय, म्हणून..."

"स्वस्त," चंद्राबाई वळून सगळ्या वऱ्हाडाला म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. एवढ्या चांगल्या शब्दाला आवाजाची गरज नव्हती.

पाटणकरांचा मागचा डबा उतरला आणि पुढच्यात चढला. मग त्या रिकाम्या बाकांवर मुलाकडच्यांनी बसावं, असं शिवतेजनं सुचवलं. ते ऐकून राजवर्धनचे लोणंदचे मामा म्हणाले, "मामाला दुसऱ्या वर्गात बसवणारं लगीन मी बघितलेलं न्हाई," आणि तेही पुढं चढले. त्यांच्यामागं मुलाकडचे झाडून सगळे चढले. पुढचा डबा मेथीच्या जुडीसारखा गच्च झाला. एका सोफ्याचा पाय मोडला. पंखा तेवढा मान हलवत सगळ्यांना नाही म्हणत होता. मागच्या डब्यात बाकांशिवाय कोणी नव्हतं.

"तात्या," शिवतेज हळूच म्हणाला, "पाटी काढतो. चार खिळ्याचं काम हाय."

"पाटी काढली तर ती ट्रॉली हुईल."

"ती ट्रॉलीच हाय तात्या."

गर्दीतून वाट काढत सुभेदार खाली उतरले. "पावणं, आमच्या घरात दुसरा वर्ग न्हाई. ही पाटी ऱ्हाणार असंल तर आमी चालत येतो. न्हाईतर बस अजून हितंच हाय. पाटण काय लांब न्हाई."

पाटण चांगलं लांब होतं, पण बस खरंच तिथंच होती आणि ड्रायव्हर कान देऊन ऐकत होता. हंबीररावांनी पुढच्या डब्याकडं बघितलं. पंख्याखाली, खिडकीजवळ, त्यांच्या टॉवेलावर लोणंदचे मामा बसले होते. म्हणजे जागाही गेली होती. त्यांनी शिवतेजच्या हातातली पक्कड घेतली आणि पाटीकडं निघाले. कलकत्त्याच्या लोकांनी त्यांची ट्राम बंद केली, तेव्हा त्यांना असंच वाटलं असणार, की दुसरा इलाज नाही.

पहिला खिळा निघाला, तेवढ्यात मागून आवाज आला, "जरा हात द्या मला."

मनुबाई इतका वेळ लिंबाखाली ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या होत्या. आता त्या मागच्या डब्याच्या पायरीशी आल्या होत्या.

"आगं, तुझी जागा म्होरं हाय. टावेल टाकलाय."

"टावेलावर मामा बसल्यात. बसू द्या. तुमी कलकत्त्यात कुठल्या डब्यात बसत हुता?"

हंबीररावांनी इकडं तिकडं बघितलं. कट्ट्यावरच्या सगळ्या गोष्टींत ते पंख्याखाली बसत आले होते, आणि कट्ट्यावरची मंडळी समोरच उभी होती.

"मागल्या," ते म्हणाले.

"मग मी म्होरं बसून मला काय दिसणार? तुमी जे बघितलं, ते मागनंच बघितलंय की."

हंबीररावांनी पक्कड खिशात घातली आणि हात दिला. शिवतेजनं स्टूल आणून ठेवलं. मनुबाई गुडघा धरून चढल्या, खिडकीच्या कडेला बसल्या, ताट मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "तिकीट?"

"कुठलं देऊ?"

"खिदिरपूर."

त्यांनी पिशवीतून रंगीत कागदाचं तिकीट फाडून दिलं. ते त्यांनी पदराच्या टोकाला बांधलं.

नवऱ्याची आजी म्हणजे त्या दिवशीच्या सगळ्या मानाचा शेवटचा टप्पा, आणि ती दुसऱ्या वर्गात बसली होती. असल्या हिशेबात चंद्राबाईंचा हात धरणारं पाटण तालुक्यात कोणी नव्हतं. "मी आधीपासनं हितंच बसली हुती," असं त्या म्हणाल्या आणि पुढच्या डब्यातून उतरून मनुबाईंच्या शेजारी येऊन टेकल्या. मग सुभेदार आले. मग शालू सावरत नवरी आली. मुलीकडचे मागं जातायत म्हटल्यावर मुलाकडचे मागं का राहतील? काही वेळानं दुसऱ्या वर्गात मुंगीला जागा नव्हती, आणि पहिल्या वर्गात मामा, पंखा आणि टॉवेल एवढेच उरले होते.

"मामा, तुमी येताय का मागं?" शिवतेजनं विचारलं.

"जागा हाय का?" मामांनी विचारलं. जागा नव्हती.

घंटेचे दोन टोले पडले आणि ट्राम निघाली. ती अगदी रेघांवरून गेली. विहिरीपाशी हंबीरराव दारात लटकून थांब्याचं नाव पुकारणार, तोच मनुबाईंनी ते शेजारच्या बाईला सांगून टाकलं होतं. पुढचा थांबाही त्यांनीच सांगितला.

"कवा गेला हुता तुमी?" चंद्राबाईंनी विचारलं.

"दर आयतवारी," मनुबाई म्हणाल्या. "वाण्याच्या दुकानातनं."

श्यामबाजारला, म्हणजे मांडवाशी, ताशेवाल्यांनी ताल धरला. सगळे उतरले. मनुबाई उतरल्या नाहीत.

"चल की," हंबीरराव म्हणाले. "मुहूर्त आलाय."

"ह्ये खिदिरपूर हाय का?"

"न्हाई."

"मग मी का उतरू?"

"आगं, खिदिरपूरला मैदानातनं जावं लागतं."

"ते बघायलाच बसलीया."

हंबीररावांनी शाळेमागच्या गायरानाकडं बघितलं. उन्हाळ्यानं पिवळं पडलेलं गवत, आणि त्यात चरणारी बिराप्पा धनगराची मेंढरं. मैदान होतं. मेंढरं होती. "रूळच न्हाईत तिकडं," ते म्हणाले.

"फक्की सपली का?"

फक्की संपली नव्हती. यंत्र मांडवाच्या सावलीला उभं होतं. शिवतेजनं ते हाताशी ओढलं आणि तोच त्याच्या खांद्यावर एक हात पडला. सुभेदार सर्जेरावांनी कोट काढून चंद्राबाईंकडं दिला होता.

"तुमच्या फाट्यापासनंच्या रेघा बघितल्या मी," ते म्हणाले. "सापागत गेल्यात. हिकडं आणा. परेडची मैदानं आखल्यात आमी."

आणि ते यंत्र ढकलत गायरानात शिरले. एक रेघ मारत गेले, दुसरी मारत आले, मान ताठ, नजर समोर. मांडवातून लाउडस्पीकर सांगत होता, की मुहूर्ताची वेळ झालेली आहे, तरी नवऱ्याचे आजी-आजोबा, तसेच नवरीचे आजोबा जिथं असतील तिथून त्यांनी ताबडतोब यावं. भटजींनी दुसऱ्यांदा घड्याळ बघितलं, मग ते काढून खिशात ठेवलं आणि चहा मागितला. राजवर्धन आणि प्रियदर्शनी मांडवाच्या दारात उभे राहून, आपल्या लग्नापेक्षा बरं काहीतरी चाललंय, अशा चेहऱ्यानं बघत होते.

घंटेचे दोन टोले पडले. रिकामा पहिला वर्ग पुढं, भरलेला दुसरा मागं. भरलेला म्हणजे एका बाकावर मनुबाई, आणि पिशवी काढून ठेवून शेजारी बसलेले हंबीरराव. ट्राम गवतात उतरली. मेंढरांनी माना वर केल्या, थोडा विचार केला आणि बिराप्पानं हाकारायच्या आत बाजूला झाली.

मनुबाई खिडकीला कोपर टेकून बघत राहिल्या. मेंढरं मागं पडली तशा त्या म्हणाल्या, "मग फुडं?"

हंबीररावांनी मागं बघितलं, पुढं बघितलं. दुकान नव्हतं, मीठ घ्यायला आलेलं कोणी नव्हतं. आता काहीही बोलता आलं असतं. त्यांनी घसा साफ केला.

"फुडं खिदिरपूर," ते म्हणाले.

"वरडू नका," मनुबाई म्हणाल्या. "मी हितंच हाय."